जास्त धोका कुणाला?

रात्रीचे पावणेदोन वाजले असतील. कॅज्युअल्टीत एकापाठोपाठ दोन पेशंट आले. पहिला ४६ वर्षांचा, धट्टाकट्टा, स्वतःचा टेम्पो चालवणारा माणूस. मूठ छातीवर दाबून धरलेली. त्याचं कण्हणं बाहेर पोर्चपर्यंत ऐकू येत होतं. बरोबर आठ-दहा माणसं. "डॉक्टरसाहेब, ॲटॅक आहे, लगेच अँजिओग्राफी करा, पैशाचं आम्ही बघतो," असं त्यातले दोघं-तिघं एकदमच सांगत होते.

दुसऱ्या पेशंट म्हणजे ७२ वर्षांच्या एक आजी. सून आणि नातू त्यांना रिक्षातून घेऊन आले होते. आजींच्या छातीत दुखत नव्हतं. रात्री दहापासून जीव घाबरल्यासारखा होतोय, घाम येतोय, आडवं झालं की दम लागतो, एवढीच तक्रार. मधुमेह पंधरा वर्षांपासूनचा. "जेवण पचलं नसेल म्हणून सोडा दिला होता," सून म्हणाली. गर्दी बघून आजी स्वतःच भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसल्या आणि सिस्टरना म्हणाल्या, "त्या पोराला आधी बघा, किती तळमळतोय."

तासाभरात दोघांच्याही केसपेपरवर एकच निदान लिहिलं गेलं: ॲक्यूट कोरोनरी सिंड्रोम. आयसीसीयूमध्ये त्या रात्री एकच खाट रिकामी होती. ती आम्ही आजींना दिली. टेम्पोवाल्याच्या भावाला ते अजिबात पटलं नाही, आणि त्याचा राग मी समजू शकतो. हा लेख त्या निर्णयाबद्दल आहे. (ओळख पटू नये म्हणून दोघांचेही काही तपशील बदलले आहेत.)

छातीत दुखणाऱ्या माणसाला बघताना डॉक्टरच्या डोक्यात 'हा हार्ट ॲटॅक आहे का?' एवढा एकच प्रश्न असतो, असं लोकांना वाटतं. खरं तर प्रश्न दोन असतात. ॲटॅक आहे का, हा पहिला. असेल तर या माणसाला पुढच्या काही तासांत, काही दिवसांत कितपत धोका आहे, हा दुसरा. बरेचसे पुढचे निर्णय दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतात.

आधी आजार समजून घेऊ. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षं चरबीचा थर साठत असतो. एखाद्या दिवशी त्या थराला तडा जातो आणि त्या जागी रक्ताची गुठळी धरते. गुठळीनं धमनी पूर्ण बंद झाली, तर ईसीजीतला एसटी नावाचा भाग सहसा वर उचलला जातो. (ही एसटी म्हणजे आपली लालपरी नव्हे, ईसीजीच्या आलेखातल्या दोन बिंदूंमधली रेघ.) असा ईसीजी दिसला की गुण मोजत बसायचं नसतं. जवळपास दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर ती, नाहीतर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ताबडतोब. इथे घड्याळ हाच मोजमापाचा काटा.

खरी कसोटी लागते ती धमनी पूर्ण बंद न होता अर्धवट अडली असेल तेव्हा. ईसीजीतली रेघ खाली जाते, कधी टी नावाची लहर उलटी होते, कधी ईसीजी अगदी नॉर्मल असतो. या गटात दोन दिवसांत चालत घरी जाणारे असतात आणि सकाळ न बघणारेही असतात. दोघांना वेगळं कसं काढायचं, हा प्रश्न माझ्या पिढीतल्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर हळूहळू सुटत गेला.

१९६७ साली न्यूयॉर्कमधल्या थॉमस किलिप आणि जॉन किंबॉल या दोन डॉक्टरांनी हार्ट ॲटॅकच्या २५० पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी काय केलं? छातीला स्टेथोस्कोप लावला आणि रक्तदाब मोजला. फुप्फुसं स्वच्छ असतील तर पहिला वर्ग. तळाशी बारीक चरचर ऐकू येत असेल, म्हणजे हृदय थकून पाणी साठायला लागलं असेल, तर दुसरा. फुप्फुसं पाण्यानं भरलेली असतील तर तिसरा. रक्तदाब कोसळून हातपाय गार पडले असतील तर चौथा. पहिल्या वर्गातले ६ टक्के पेशंट दगावले, दुसऱ्यातले १७, तिसऱ्यातले ३८ आणि चौथ्यातले ८१ टक्के. त्या काळी ना गुठळी विरघळवायची औषधं सर्रास वापरात होती, ना अँजिओप्लास्टी होती, त्यामुळे आजचे आकडे बरेच कमी आहेत. पण पायऱ्यांचा क्रम तोच राहिला आहे. मी नव्या रेसिडेंटला सांगतो, रात्री तीनला लॅबचा रिपोर्ट मिळायला वेळ लागेल, पण आजींच्या पाठीला स्टेथोस्कोप लावायला तुला कोण अडवतंय?

आजींच्या दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी चरचर होती. टेम्पोवाल्याची छाती स्वच्छ होती.

पुढे २००३ मध्ये 'ग्रेस' नावाची गुणपद्धती आली. १४ देशांतल्या रुग्णालयांमधल्या अकरा हजारांहून अधिक पेशंटांच्या नोंदींतून ती बनली आहे. वय, नाडीचे ठोके, वरचा रक्तदाब, क्रिएटिनिन (म्हणजे किडनीची स्थिती), किलिपचा वर्ग, ईसीजीत एसटी हललाय का, ट्रोपोनिनसारखी रक्ततपासणी वाढलेली आहे का आणि येताना हृदय बंद पडलं होतं का, अशा आठ गोष्टींचे गुण मिळवायचे. अशा अर्धवट अडलेल्या धमनीच्या पेशंटमध्ये बेरीज १०८ पर्यंत असेल तर धोका कमी, १४० च्या वर गेली तर जास्त.

आमच्या दोघांचा हिशेब असा झाला. टेम्पोवाला: वयाचे २५, ठोके ८८ म्हणून ९, रक्तदाब १५० म्हणून २४, क्रिएटिनिन ०.९ म्हणून ७, ट्रोपोनिन वाढलेलं म्हणून १४. एसटी जागेवर, फुप्फुसं स्वच्छ. एकूण ७९. आजी: वयाचे ७५, ठोके १०४ म्हणून १५, रक्तदाब ११० म्हणून ४३, क्रिएटिनिन १.७ म्हणून १३, फुप्फुसांतल्या चरचरीचे २०, एसटी खाली गेलेला म्हणून २८, ट्रोपोनिनचे १४. एकूण २०८. ज्या नोंदींतून ही पद्धत बनली, त्यांच्या हिशेबानं ७९ गुणांच्या हजार पेशंटांपैकी साधारण चार रुग्णालयात दगावतात. २०८ च्या आसपास गुण असतील तर पाचांतला एक.

यातली एक गोष्ट वाचकांना खटकेल. रक्तदाब १५० असलेल्याला कमी गुण आणि ११० असलेल्या आजींना जास्त? एरवी आम्हीच 'बीपी सांभाळा' म्हणून मागे लागतो ना? वर्षानुवर्षं वाढलेला रक्तदाब धमन्या खराब करतो, हे खरंच आहे. पण ॲटॅकच्या त्या घटकेला दाब टिकवून धरता येतोय, याचा अर्थ हृदयात जोर शिल्लक आहे. नेहमी दीडशेच्या घरात रक्तदाब असणाऱ्या आजींचा दाब ११० वर आलाय, तर ती चांगली बातमी नसते. सुनेला मात्र बरं वाटलं होतं. "बीपी तर नॉर्मल आहे ना?" असं तिनं दोनदा विचारलं.

बरं, धोका मोजून करायचं काय? सगळ्यांचीच लगेच अँजिओग्राफी केली तर? हा प्रश्न संशोधकांनीही विचारला होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टिमॅक्स' नावाच्या चाचणीत तीन हजारांवर पेशंटांचे दोन गट केले. एकाची अँजिओग्राफी २४ तासांच्या आत, दुसऱ्याची ३६ तासांनंतर. सगळ्या पेशंटांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा मृत्यू, नवा ॲटॅक किंवा पक्षाघात यांत ठोस फरक पडला नाही. पण ग्रेसचे गुण १४० च्या वर असलेल्यांमध्ये फरक स्पष्ट होता. उशीर केलेल्या गटात १०० पैकी २१ जणांना यातलं काहीतरी झालं, लवकर केलेल्यांत १४ जणांना. म्हणजे घाई सगळ्यांच्याच उपयोगाची नाही. ज्याला धोका जास्त, त्याच्याच ती कामाची. आणि दुखणं थांबतच नसेल, दाब कोसळत असेल, ठोके धोकादायक रीतीनं बिघडत असतील किंवा हृदय थकून फुप्फुसांत पाणी होत असेल, तर गुण मोजायच्याही आधी, दोन तासांच्या आत अँजिओग्राफीच्या टेबलावर न्यायचं, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

टेम्पोवाल्याचं दुखणं नायट्रोग्लिसरीननं वीस मिनिटांत थांबलं. त्याला वॉर्डात मॉनिटर लावून ठेवलं. आजींसाठी आम्ही कॅथलॅबच्या टीमला फोन केला.

फोन करताना मनात किंतु नव्हता असं नाही. वय ७२, किडनी आधीच नाजूक, अँजिओग्राफीचा डाय किडनीला आणखी त्रास देणार, रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी रक्तस्राव होऊ शकणार. अशा पेशंटला 'आधी औषधांवर बघू' म्हणणं डॉक्टरला सोपं वाटतं, नातेवाइकांनाही. परिणाम उलटाच होतो. अनेक देशांतल्या नोंदींमध्ये हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे की, ज्यांना सर्वांत जास्त धोका, त्यांनाच पूर्ण उपचार सर्वांत कमी मिळतात; आणि ठणठणीत पन्नाशीतल्या माणसाला सगळं वेळेवर मिळतं. रक्तस्रावाचा धोकाही मोजायचाच असतो. किडनी बघून हेपारिनचा डोस ठरवायचा, हातातल्या धमनीतून अँजिओग्राफी करायची. पण तो धोका मोजायचा म्हणजे उपचार टाळायचे, असं नव्हे.

आता ईसीजीविषयी थोडं, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत. छातीत दुखतंय म्हणून आलेल्याचा ईसीजी दहा मिनिटांत झाला पाहिजे. तो 'नॉर्मल' आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि 'मग सोडा ना घरी' सुरू होतं. ईसीजीची पट्टी म्हणजे हृदयाचं काही सेकंदांचं छायाचित्र. गुठळी अर्धवट असते, कधी सुटते, कधी पुन्हा धरते. म्हणून दर पंधरा-तीस मिनिटांनी तो पुन्हा काढावा लागतो. हृदयाच्या मागच्या भिंतीचा ॲटॅक नेहमीच्या पट्टीत लपून राहतो, तेव्हा पाठीवर लीड लावावी लागते. ट्रोपोनिनचंही तसंच. स्नायूला इजा झाल्यावर हे प्रथिन रक्तात यायला वेळ लागतो. दुखायला लागल्यावर अर्ध्या तासात काढलेलं ट्रोपोनिन नॉर्मल आलं, तर त्यातून फारसं काही कळत नाही. नव्या अतिसंवेदनशील तपासणीत एक ते तीन तासांनी, जुन्या किटमध्ये सहा तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं आणि आकडा वाढतोय का ते बघायचं. किडनीच्या पेशंटचं ट्रोपोनिन कायमच थोडं वर असतं, म्हणून एका आकड्यावर ॲटॅक ठरवणंही चूक.

दुखणं थांबल्यावरचा ईसीजी तर मी आता दुप्पट काळजीनं बघतो. त्याला कारण आहे. मी रेसिडेंट असताना, अर्थात दुसऱ्या रुग्णालयात, पन्नाशीचा एक रेशन दुकानदार पहाटे आला होता. रात्री दोन वेळा छातीत आवळून आलं होतं, आता काहीच होत नव्हतं. ईसीजीत छातीवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या लीडमध्ये टी लहर उलटी होती. मी ते 'जुनं असेल' म्हणून सोडलं, ॲसिडिटीची गोळी लिहिली आणि ओपीडीत दाखवा म्हणालो. सहाव्या दिवशी त्याला स्ट्रेचरवर आणलं तेव्हा तो किलिपच्या चौथ्या वर्गात होता. त्या संध्याकाळी तो गेला. वास्तविक हाइन वेलेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही खूण १९८२ सालीच लिहून ठेवली होती. हृदयाच्या पुढच्या भिंतीची मुख्य धमनी अगदी निरुंद झाली की, दुखणं थांबलेल्या अवस्थेत नेमक्या त्याच लीड्समध्ये टी लहर उलटी दिसते. त्यांच्या पेशंटांपैकी ज्या १६ जणांवर शस्त्रक्रिया झाली नाही, त्यातल्या १२ जणांना काही आठवड्यांत मोठा ॲटॅक आला. हे मी वाचलं नव्हतं. त्याच्या बायकोला मी काय सांगितलं, ते आता नीट आठवत नाही. ती काहीच बोलली नव्हती, हे आठवतं.

ज्यांच्या ईसीजीत आणि रक्तात काही सापडत नाही, पण छातीत दुखलंय, अशांचं काय? त्यांच्यासाठी २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 'हार्ट' नावाची पाच गोष्टींची पद्धत काढली: हकीकत, ईसीजी, वय, धोक्याचे घटक आणि ट्रोपोनिन. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. तीनपर्यंत बेरीज असेल तर पुढच्या सहा आठवड्यांत गंभीर काही होण्याची शक्यता शंभरात दोनहून कमी, अशा पेशंटला घरी पाठवता येतं. मला यात सर्वांत आवडते ती गोष्ट म्हणजे पहिलीच, हकीकत. ती कुठलंही यंत्र देत नाही.

आणि हकीकत ऐकायची म्हणजे भाषा कळावी लागते. आपल्याकडे 'छातीत दुखतंय' असं सरळ म्हणणारे थोडे. छाती भरून आली, आवळल्यासारखं झालं, कुणीतरी बसलंय असं वाटतं, जीव खालीवर होतोय, हातापायांतलं बळच गेलं. हाताची मूठ किंवा पंजा छातीच्या मधोमध ठेवून सांगणारा, दुखणं दोन्ही हातांत किंवा जबड्यात जातंय आणि दरदरून घाम सुटलाय म्हणणारा माणूस मला घाबरवतो. 'इथे चमक मारते' म्हणून एका बोटानं जागा दाखवणारा, दाबलं की दुखतं म्हणणारा तितका नाही, पण त्यालाही तपासल्याशिवाय सोडायचं नसतं. बायका आणि मधुमेही यांची तर वेगळीच कहाणी. दम, घाम, ओकारी, गळून जाणं, एवढ्यावरच ॲटॅक येऊन जातो. अमेरिकेतल्या दहा हजारांवर पेशंटांच्या एका अभ्यासात (२०००) ॲटॅक असूनही घरी पाठवले गेलेले २ टक्के निघाले. पंचावन्नच्या आतल्या स्त्रिया, दम ही मुख्य तक्रार असलेले आणि ईसीजी नॉर्मल असलेले, अशांच्या बाबतीत ही चूक जास्त झाली होती.

या सगळ्या गुणपद्धती परदेशातल्या किंवा बहुतांशी परदेशातल्या पेशंटांवर बेतलेल्या आहेत, हे विसरून चालणार नाही. ग्रेसमध्ये वयाला फार वजन आहे. ३८ वर्षांच्या माणसाला वयाचे फक्त ८ गुण, सत्तरीतल्याला ७५. आपल्याकडे ॲटॅक लवकर येतो. इंटरहार्ट या जागतिक अभ्यासात पहिल्या ॲटॅकचं सरासरी वय दक्षिण आशियात ५३ होतं, इतर देशांत जवळपास ५९. त्यामुळे तरुण पेशंटची बेरीज कमी आली, तर तिचा अर्थ एवढाच की, या मुक्कामात मृत्यूचा धोका कमी आहे. आजार किरकोळ आहे, असा नव्हे. टेम्पोवाल्याला हे समजावायला मला दोन दिवस लागले. दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्या ४६ वर्षांच्या माणसाच्या पुढच्या वीस वर्षांचा धोका ग्रेसच्या ७९ मध्ये कुठेच येत नाही.

आणखी एक घटक या गुणपद्धतींमध्ये नाही. 'क्रिएट' या भारतीय नोंदणीत (२००८) ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांमधले वीस हजारांवर पेशंट होते. लक्षणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्य काळ निघाला ३६० मिनिटं. सहा तास! गरीब पेशंटांपैकी ८.२ टक्के महिन्याभरात दगावले, सधनांपैकी ५.५ टक्के; आणि गरिबांना आवश्यक ते उपचारही कमी मिळाले होते. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, १०८ ची गाडी येते. तरी सोडा, ओवा, बाम आणि 'सकाळी बघू' यांत जाणारे तास अजून तसेच आहेत. आजींचे पावणेचार तास गेले होते.

तुम्ही कुणाला घेऊन आलात, तर आम्हाला चार गोष्टी हव्या असतात. दुखणं किंवा घाबरणं नेमकं किती वाजता सुरू झालं. आधीचा ईसीजी, कितीही जुना असो. कारण आजची उलटी लहर जुनीच आहे की नवी, हे त्यावरूनच कळतं. चालू औषधांची पाकिटं, चिठ्ठीपेक्षा पाकिटंच बरी. आणि पेशंटनं लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल तर तेही, लाज न बाळगता. तिच्यावर नायट्रेटची गोळी पडली तर रक्तदाब धोकादायक खाली जातो.

पहाटे साडेतीनला आजींची अँजिओग्राफी झाली. पुढच्या भिंतीची मुख्य धमनी सुरुवातीलाच ९५ टक्के अडलेली, वर ताजी गुठळी. स्टेंट बसला. किडनीनं तीन दिवस काळजीत टाकलं, क्रिएटिनिन २.३ वर जाऊन मग उतरलं. टेम्पोवाल्याची अँजिओग्राफी दुसऱ्या दिवशी दुपारी झाली, एका फांदीत अडथळा होता, तोही काढला. त्याचा भाऊ जाताना आयसीसीयूच्या दारातून डोकावून आजींची चौकशी करून गेला.

नवव्या दिवशी आजींना डिस्चार्ज मिळाला. सुनेनं त्या रात्रीची ईसीजीची पट्टी मागितली. त्या कागदावरची छपाई काही काळानं उडून जाते, म्हणून सिस्टरनी तिची झेरॉक्स काढून दिली. सुनेनं ती घडी घालून रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली.